पोरगं सगळं अर्ध्यावर सोडतं. तालमीत घातलं तर चिकाटी येते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा तेरा वर्षांचा, वजन चाळीस किलोच्या आसपास. कराटे, क्रिकेट, तबला, सगळं दोन-तीन महिन्यांत सोडलं. घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, कुस्तीची तालीम जवळच. तिथं घातला तर चिकाटी येईल का, स्वभाव घडेल का, की नुसतेच दंड फुगतील, असं त्याच्या आईनं विचारलं आहे.

ताई, तालीम यातलं काहीच आपोआप देत नाही. एकाच हौद्यात, म्हणजे तालमीतल्या कुस्तीच्या मातीत, उतरलेल्या दोन पोरांपैकी एक पुढं कुठल्याच कामाला मागं हटत नाही आणि दुसरा गल्लीत दादागिरी करत फिरतो, हे आपल्या पेठांमध्ये सगळ्यांना माहीत आहे. माती तीच, जोर-बैठका त्याच. फरक पडतो तो कष्ट किती मापानं दिले, जोड, म्हणजे लढायला समोरचा गडी, कोणाची दिली आणि हरल्यानंतरच्या दोन दिवसांत मोठ्या माणसांनी काय केलं, यानं. अपयशानं माणूस घडतो असं सगळेच म्हणतात, पण अपयशानं माणूस खचतोही. पडल्यानंतरची व्यवस्था नीट असेल तरच त्या पडण्याचा उपयोग होतो, आणि ती व्यवस्था लावणं हे वस्तादाचं आणि घरच्यांचं काम आहे. तेरा वर्षांच्या पोरावर ते ढकलू नये.

आधी तो का सोडतो ते बघू. नव्याचे नऊ दिवस संपले की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून प्रगती डोळ्यांना दिसेनाशी होते. तालमीत हा काळ साधारण पाचव्या ते दहाव्या आठवड्यात येतो. अंग दुखायचं थांबलेलं असतं, पण डाव एकही लागत नसतो आणि जोडीचा गडी रोज त्याची पाठ मातीला लावत असतो. बहुतेक पोरं इथंच गळतात. मुलगा आळशी आहे असा शिक्का मारण्याआधी एवढं बघा, की आपण पुढं सरकतोय हे त्याला दाखवणारी एक तरी गोष्ट त्याच्यासमोर आहे का.

जोर-बैठकांचा आकडा हे काम करतो. चाळीस किलोच्या नव्या गड्याला पहिल्या आठवड्यात पाच-पाचच्या चार फेऱ्यांत २० जोर आणि दहा-दहाच्या पाच फेऱ्यांत ५० बैठका पुरतात. दर आठवड्याला ५ जोर आणि १० बैठका वाढवायच्या, दर चौथ्या आठवड्यात मात्र वाढ नाही, आदल्या आठवड्याचाच आकडा. असं केलं की बाराव्या आठवड्यात तो ६० जोर आणि १३० बैठकांवर असतो. आकडे मोठे वाटत नाहीत, पण दम न सोडता, पाठ न वाकवता, टाच आणि गुडघ्याचा तोल सांभाळून मारलेल्या १३० बैठका बघणाऱ्यालाही कळतात. तारीख, जोर, बैठका आणि त्या दिवशी घोटलेला डाव एका साध्या वहीत लिहायचा. लिहायचं त्यानं स्वतः. आईनं किंवा बाबांनी वही भरायला घेतली की ती हजेरी होते आणि तिचा उपयोग संपतो.

इथं सर्रास होणारी चूक म्हणजे पहिल्याच आठवड्यात ईर्ष्येनं पाचशे बैठका मारून घेणं. नव्या मेहनतीनंतर स्नायूंचं दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. पोराला जिना उतरता येत नाही, तो तीन दिवस घरी बसतो आणि चौथ्या दिवशी जायची लाज वाटते. खंड असा पडतो. अति मेहनतीनंतर लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं, कारण तुटलेल्या स्नायूंतले घटक मूत्रपिंडावर येतात. त्याला कोणी पैलवानकी म्हणत असेल तर ऐकू नका.

लढतीआधीचं मातीचं काम कमी दर्जाचं समजू नका. रोज कोणीतरी खोरं घेऊन हौदा उकरतो, ढेकळं फोडतो, खडे वेचतो, पाणी शिंपडतो. मातीत काव, ताक, तेल, हळद, लिंबू घालतात ते ती मऊ राहावी आणि अंगाला सोसावी म्हणून. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं टोचला की फुटावा, एवढाच ओलावा हवा. कोरडी राहिली तर धूळ नाकाडोळ्यांत जाते, ओली झाली तर पाय सरकतो, आणि न उकरलेल्या घट्ट मातीवर खांदा आपटला की सांधा निखळू शकतो. आपण उकरलेल्या मातीवर दुसरा पडणार आहे, म्हणून ती नीट उकरायची. जबाबदारीवरच्या कितीही भाषणांपेक्षा हे काम जास्त शिकवतं. म्हणून ते फक्त नव्या पोरांच्या गळ्यात घालू नये. ज्या तालमीत मोठे पैलवानही पाळीनं खोरं हातात घेतात, तिथलं वळण चांगलं असतं.

आता जोड. माझ्या मते चिकाटीचा सगळा प्रश्न इथं सुटतो किंवा बिघडतो. तेरा वर्षांच्या पोराला रोज पंचावन्न किलोच्या गड्याखाली टाकलं की तो कणखर होतो, अशी एक समजूत आहे. तसं होत नाही. आपण काहीही केलं तरी निकाल बदलत नाही, एवढंच तो शिकतो आणि प्रयत्न करायचाच थांबतो. पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडायला, हात पुढं जात नाही, तो पाठ लागायची वाट बघत उभा राहतो. उलट बाजूनं, ज्याला सतत हलके गडी मिळतात तो पहिल्या वरचढ गड्यापुढं हबकतो.

आठवड्यातले सहा दिवस धरले तर तीन दिवस बरोबरीचा गडी, वजनात दोन-तीन किलोच्या आत. दोन दिवस थोडा वरचढ, एक-दीड वर्ष आधी आलेला. एक दिवस त्याच्यापेक्षा नवखा. वरचढ गड्याला आधीच सांगून ठेवायचं, की दहा वेळा झोंबलास तर दोनदा याचा डाव पूर्ण होऊ दे, पण तो डाव बरोबर मारला असेल तरच. फुकटचा डाव दिला की पोराला लगेच समजतं आणि त्याचा विश्वास जातो. नवख्याबरोबरच्या दिवशी आपल्या पोरानं तेच करायचं. ताकद असून हात राखून लढणं हा त्या दिवसाचा धडा आहे. पुढं घरात, नोकरीत, माणसांत याचा उपयोग धोबीपछाडपेक्षा जास्त होतो.

डाव पहिले तीन महिने एकच, फार तर दोन. एकेरी पट घ्या. पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांमध्ये, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, दोन्ही हात त्याच्या गुडघ्यामागे, डोकं बरगडीला चिकटलेलं आणि मान वर. मग पाय छातीशी ओढून आपण बाजूला वळायचं. मान खाली गेली की समोरचा वरून दाब देतो, पाय लांब राहिला की हात गुडघ्याऐवजी नडगीवर पडतो आणि निसटतो. उजवीकडून २०, डावीकडून २० वेळा, रोज, समोरच्यानं विरोध न करता. दुसऱ्या महिन्यात थोडा विरोध, तिसऱ्या महिन्यात पूर्ण विरोध. या वयातली पोरं मोबाईलवर कलाजंग आणि बॅक साल्तोसारखे अवघड डाव बघून येतात आणि आठवड्यात सात डाव शिकवा म्हणतात. सात डाव अर्धवट येणं आणि कराटे-क्रिकेट-तबला अर्धवट सोडणं ही एकच सवय आहे. एक डाव लढतीत प्रत्यक्ष बसेपर्यंत धरून ठेवणं हा त्या सवयीवरचा उपाय आहे. तो बसायला साधारण तीन ते पाच महिने लागतात, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

मग येते जत्रेची कुस्ती. चैत्र-वैशाखात गावोगाव मैदानं होतात, रेवड्यांवर आणि नारळावर लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. चारचौघांत, हलगीच्या कडकडाटात, पाठ मातीला लागते. बंद तालमीत दहा वेळा पडलेल्या पोरालाही हे पडणं वेगळं लागतं. इथून पुढच्या दोन दिवसांची आखणी अशी ठेवा.

मैदानातून बाहेर येताना जिंकणाऱ्याच्या हातात हात द्यायचा. पाणी प्यायचं. घरच्यांनी कुस्तीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, सांत्वनाचंही नाही. ‘पंचानं अन्याय केला’, ‘त्याचं वजन जास्त होतं’, ‘तुझं नशीब नव्हतं’ ही तिन्ही वाक्यं मायेनं बोलली जातात आणि तिन्ही घातक आहेत, कारण हरण्याचं खापर बाहेर फोडलं की सुधारायला काही उरत नाही. त्या रात्री नेहमीचं जेवण आणि नेहमीच्या वेळेला झोप. दुसऱ्या दिवशी सुट्टी नाही, तालमीत जायचंच, फक्त मेहनत निम्मी. माती उकरायची, बैठका मारायच्या आणि मग ज्या पकडीत तो हरला तीच पकड लावायची. जोडीच्या गड्यानं काल जिंकणाऱ्याची जागा घ्यायची आणि तिथून सुटायचा प्रयत्न २० वेळा करायचा. मध्ये वस्तादानं तीनच गोष्टी विचारायच्या: पाय कुठं होता, कोणता हात सुटला, दम कधी संपला. उत्तर पोरानं द्यायचं. तिसऱ्या दिवशी पूर्ण मेहनत. हार ही दुरुस्त करता येणारी चूक आहे, हे या दोन दिवसांत त्याच्या अंगाला कळतं. अंगाला कळलेलं डोक्याला समजावून सांगावं लागत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट या हलक्या वजनगटात सहावे आले. मातीतल्या माणसाला मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची ओळख तिथं पहिल्यांदाच झाली होती. परदेशातलं पहिलंच मैदान आणि सहावा नंबर, यावर समाधान मानून थांबता आलं असतं. पुढची चार वर्षं त्यांनी नेमकं जे कमी पडलं त्यावर काम केलं आणि १९५२ ला हेलसिंकीत वरच्या बँटमवेट गटात कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हेही मुलाला सांगा. एकट्याच्या जिद्दीमागं कोणाकोणाचं काय असतं ते त्याला कळलं पाहिजे. महाराष्ट्राला त्यानंतरचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं गेली, आणि तेही आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत आणलं, २०२४ ला पॅरिसमध्ये. त्याच्या आदल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत पदकाच्या वाटेवर असताना एक नेम बिघडला आणि तो चौथा आला होता. सहावा आणि चौथा हे दोन नंबर मुलाला पदकांइतकेच नीट समजावून सांगा.

मॅटवरची कुस्तीही त्याला दाखवा. मातीत पाठ लागेपर्यंत लढायचं. मॅटवर मोठ्यांना तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण असतात, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपते. पण आठ गुणांनी मागं असलेला मल्लही समोरच्याला चितपट करून जिंकू शकतो. सामना अजून संपलेला नाही हे कळायला यापेक्षा चांगला नियम कुठल्याच खेळात नसेल.

चिकाटी आली म्हणजे चारित्र्य आलं असं नाही. खोटं बोलणारा माणूसही चिवट असतो. तालमीत चारित्र्याची परीक्षा ठरलेल्या ठिकाणी होते. जोडीच्या गड्यानं ‘सोड’ म्हणून हातानं थोपटलं की त्या क्षणी पकड सुटली पाहिजे, एक हिसका जास्त देणाऱ्याला त्या दिवशी हौद्याबाहेर बसवायचं. इनामासाठी आधी ठरवून केलेली नुरा कुस्ती कितीही छोटी असली तरी नको. तालमीत मिळवलेली ताकद गल्लीत दाखवली तर वस्तादाला कळवा. आणि जन्मदाखला. वयोगटात बसावं म्हणून वय दोन वर्षांनी कमी दाखवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की त्या कागदावर सही मोठ्या माणसाची असते आणि बघत असतं ते पोरगं. पुढं त्याला प्रामाणिकपणा शिकवायला तुमच्याकडे तोंड राहत नाही. तीच गोष्ट इंजेक्शनं आणि लेबल नसलेल्या पावडरींची. त्या कोणी देऊ केल्या तर ती तालीम सोडा. वजन उतरवायला पाणी बंद करणं, पोतं गुंडाळून पळणं हे वाढत्या वयात अजिबात चालू देऊ नका. वजन जास्त असेल तर वरच्या गटात लढेल.

दुखणं आणि दुखापत यातला फरक मुलाला शिकवा, नाहीतर सोसत राहणं म्हणजेच चिकाटी असं त्याला वाटेल. मांडी भरून येणं, तळहात सोलणं, हे दुखणं. सांध्याला सूज, एकाच जागी टोचल्यासारखी कळ, हाता-पायाला मुंग्या, ही दुखापत. मेहनत त्याच दिवशी बंद. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं झालं तर त्या दिवशी परत हौद्यात उतरायचं नाही आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पुढंही नाही. कानाला घासून गरम, मऊ फुगवटा आला तर कातडी आणि कूर्चेच्या मध्ये रक्त साचलेलं असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून ते काढून दाबपट्टी लावली तर कान वाचतो. मोडलेला कान पैलवानाची खूण म्हणून मिरवतात, तेरा वर्षांच्या पोराला त्याची गरज नाही. अंगावर गोल, खाजणारा चट्टा दिसला तर तो गजकर्ण समजून औषध सुरू करायचं आणि बरा होईपर्यंत लढत बंद. टॉवेल आणि लंगोट कोणालाही द्यायचा नाही, कोणाचा घ्यायचा नाही.

खुराकाचा बाऊ नको. सकाळ-संध्याकाळ मिळून पाऊण ते एक लिटर दूध, दोन अंडी, भिजवलेले सात-आठ बदाम, डाळ, भाकरी, भाजी, आठवड्यातून एक-दोनदा मटण, एवढं या वजनाला भरपूर आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाचं कौतुक सगळ्यांनाच आहे, पण लहान मुलाला दूध उकळूनच द्या. मोठ्या पैलवानाच्या थंडाईचा तांब्या त्याच्या पोटात ओतू नका, पोट बिघडतं आणि मेहनत बुडते. झोप मात्र नऊ तास हवी. पहाटे पाचला उठायचं तर रात्री आठला दिवे बंद, आणि शाळेमुळं ते जमत नसेल तर पहाटेचा हट्ट सोडून फक्त संध्याकाळची तालीम करा.

तालीम निवडताना नाव बघून जाऊ नका. कोल्हापुरात गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशी मोठी नावं आहेत. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ ला खासबाग मैदान उभं केलं, ती परंपरा खरी आहे. पण तुमच्या मुलाला रोज कोण शिकवणार आहे, ते बघायला न सांगता दोनदा जा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. वस्ताद लहान पोरांच्या लढतीकडे बघतो की मोबाईलकडे? रडणाऱ्या पोराजवळ कोणी जातं का? मारझोड होते का? मारून शिकलेला मुलगा मार चुकवायला शिकतो, कुस्ती नाही. मोठी आणि लहान मुलं एकत्र झोपतात का, रात्री जबाबदार माणूस असतो का, हेही विचारा. पहिलं वर्ष तरी घरून ये-जा करू द्या. राहायला ठेवायचा विचार सोळाव्या वर्षानंतर.

आणि सोडायचा नियम आधीच ठरवा, कारण तुमच्या घरात तोच प्रश्न आहे. जूनमध्ये घातलं तर चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेपर्यंतचा एक हंगाम पूर्ण करायचा. हरल्याच्या दिवशी, दुखणं असताना किंवा वस्ताद ओरडल्याच्या दिवशी सोडायचं ठरवायचं नाही. सोडावंसं वाटलं तर आधी सलग दोन आठवडे नेहमीची मेहनत करायची, मग बोलायचं. हंगाम संपल्यावर त्यानं शांतपणे ‘मला हे नको’ म्हटलं तर ऐका. पूर्ण करून सोडणं आणि मध्येच टाकणं यात फार अंतर आहे, आणि पूर्ण करून सोडलेल्या पोराला पुढची गोष्ट धरून ठेवता येते.

सहा महिन्यांनी काय बघायचं? दंडाचा घेर नको. लंगोट स्वतः धुतो का, वही स्वतः भरतो का, हरल्यावर कारण सांगताना ‘माझा’ म्हणतो की ‘त्याचा’, गणित अडलं तर पुस्तक मिटण्याआधी आणखी किती वेळ बसतो. यातली दोन जरी बदललेली दिसली तरी वाट बरोबर आहे. एकही नसेल तर मुलाला बोल न लावता वस्तादांना भेटा आणि आधी एवढंच विचारा, की याला सध्या जोड कोणाची आहे.